चोळीचं माप

मुलुंडच्या टेकडीवर मी पाच वर्षं सुया टोचल्या, पण तिथं मला कुणी नर्स म्हटलं नाही. मला 'मापवाली' म्हणायचे. अजूनही कधी भाजी घेताना एखादी म्हातारी डोळे बारीक करून माझ्याकडे बघते आणि विचारते, "तू ती मापवाली ना गं?" मी हो म्हणते. पेन्शनच्या कागदावर लिहिलेल्या हुद्द्यापेक्षा मला ते नाव जास्त आवडतं. ते मिळालं रुक्मिणीमावशीमुळे, आणि हे लिहायला बसले आहे तेही तिच्यासाठीच.

१९८४ च्या जूनमध्ये मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लागले. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासर मुलुंड पूर्वेला, नवरा मधुकर पोस्टात. पहिल्या वर्षी मला दिवस राहिले होते. सासूबाईंनी आनंदाच्या भरात सगळ्या बिल्डिंगीत पेढे वाटले आणि पंधराच दिवसांत ते गेलं. मग जिन्यात भेटेल ती बाई मान वाकडी करून 'अगं बाई' म्हणायची. तेव्हापासून त्या विषयावर मी कुणाशी बोलत नसे. हे आत्ता सांगायचं कारण पुढे येईल.

टेकडी म्हणजे पश्चिमेला, कंपन्यांच्या मागे, डोंगराच्या पायथ्यापासून वर चढत गेलेली पत्र्यांची वस्ती. घरं बहुतेक मालवण-कुडाळकडची. पुरुष गिरण्यांत होते. संपानंतर कुणी वॉचमन झाला, कुणी कंपनीत हेल्पर, कुणी नुसताच घरी. पाणी पायथ्याच्या नळावर, त्यामुळे सगळ्या बातम्याही पायथ्याच्या नळावर. तिथंच मंडळाच्या शेडमध्ये मी आठवड्यातून एकदा टेबल मांडून बसायची. वस्तीतल्या गरोदर बायका शोधायच्या, त्यांची नावं वहीत चढवायची आणि धनुर्वाताच्या दोन सुया द्यायच्या, मध्ये एक महिना ठेवून. म्हणजे बाळाची नाळ उद्या कुणी कशानंही कापली तरी बाळ वाचतं. काम एवढंच होतं.

पण माझ्या वहीत त्या टेकडीवर एकही बाई गरोदर नव्हती! वरच्या गल्ल्यांत तर दर महिन्याला बारशाचे घुगऱ्या-पेढे वाटले जात होते. वहीच्या हिशेबानं पोरं आकाशातून पडत असावीत. मी घरोघर जाऊन विचारायची आणि बायका सरळ माझ्या डोळ्यांत बघून "नाय गो, काय नाय" म्हणायच्या. मला राग लवकर येतो, तेव्हा तर फारच लवकर यायचा. एकदा एकीच्या पोटाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "मग हे काय, फणस?" ती पदर ओढून आत गेली आणि त्या गल्लीत मला महिनाभर कुणी पाणी विचारलं नाही.

हळूहळू कळलं ते असं. पाच महिने होईपर्यंत पोटातल्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, नजर लागते. आणि सातव्यात पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी गावी जाणार. म्हणजे पाचवा उलटून बातमी माझ्यापर्यंत येते न येते तोच पोरगी एसटीत बसलेली असायची. तिकडे गावात डॉक्टर कोसावर, नाळ कापायला घरातली विळी, वर चुलीतली राख.

या सगळ्या पोटांची खबर असणारी टेकडीवर एकच बाई होती, रुक्मिणी राजाराम परब. वैजीण. मालवणी माणसं सुइणीला वैजीण म्हणतात. टेकडीवर राहूनच बाळंत होणाऱ्या बायकांना तीच मोकळी करायची. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ, हाताचे पंजे मात्र पुरुषासारखे. नवरा राजाराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. संपात काम गेलं तेव्हा त्यानं जुनं शिवणयंत्र आणलं आणि बायकांच्या चोळ्या-पोलकी शिवायला लागला. बाप्यानं बायकांच्या अंगाला टेप लावायची म्हणजे वस्तीत बोभाटा, म्हणून माप मावशी घ्यायची आणि आकडे ओरडून सांगायची. राजारामकाका दाराबाहेर यंत्रावर पाठ करून बसलेले असायचे.

तिसऱ्या महिन्यात सासू सुनेला गुपचूप हिरवी चोळी करते, तिला चोरचोळी म्हणतात. कुणाला न सांगता करायची, घरातल्या घरात घालायची. टेकडीवरची प्रत्येक चोरचोळी राजारामकाकांच्या यंत्रावर शिवली जायची आणि त्याआधी पोटाला हात लावून 'आसा', म्हणजे आहे, असं सांगायची ती मावशी. म्हणजे मला हवी ती सगळी वही तिच्या डोक्यात तयार होती.

मी गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, नावं द्या. तुमच्याच पोरींच्या भल्याचं आहे."

"पाच म्हयने झाल्याशिवाय मी कोणाचा नाव घेवचंय नाय," ती म्हणाली, वरसुद्धा न बघता.

"सुईत काय वाईट आहे?"

"सुयेक माझी ना नाय गो बाय. तुझ्या वहीक आसा. ही तुझी वही कोणकोण वाचता?"

मी म्हटलं, आमच्या डॉक्टरीणबाई वाचतात, वरचे साहेब वाचतात, गरज पडली तर वॉर्ड ऑफिसात जाते.

"बघ," ती म्हणाली. "घोवाक सांगूच्या आधी तू वॉर्डाक सांगतलंस."

नवऱ्याच्या आधी वॉर्डाला! मी आणखी चिडले. खरं तर ती अडाणीपणानं बोलत नव्हती. तिसऱ्या महिन्यात कितीतरी पोटं गळतात हे तिनं माझ्यापेक्षा जास्त बघितलेलं होतं, आणि मग त्या पोरीला नळावर काय ऐकावं लागतं हेही. माझ्या जिन्यातल्या बायका मला तेव्हा आठवायला हव्या होत्या. आठवल्या नाहीत.

त्याच वर्षी तिच्या स्वतःच्या घरात सून गरोदर होती. माणिक, जयवंतची बायको, एकोणीस वर्षांची. माझ्यासमोर हसत चहाचा कप ठेवून जायची आणि मला पत्ता नाही. डिसेंबरात ती दिसेनाशी झाली. "म्हायेराक गेली," मावशी म्हणाली. मार्चमध्ये गावाहून निळं अंतर्देशीय पत्र आलं. मुलगा झाला होता. चौथ्या दिवशी दूध ओढेना, सहाव्या दिवशी जबडा बसला, अंग ताठ झालं, सातव्या दिवशी गेला.

मी गेले तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसली होती. माणिक अजून गावीच होती. राजारामकाकांचं यंत्र बंद होतं. मला बघून मावशी म्हणाली, "सटवीन न्हेल्यान." सहाव्या दिवशी सटवी येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, तिच्या मनात आलं तर बाळच घेऊन जाते, असं सगळेच म्हणायचे.

यावर कुठल्याही शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी म्हटलं, "सटवीनं नाही नेलं मावशी. तुमच्या गप्प बसण्यानं नेलं. दोन सुया दिल्या असत्या तर तो आज दूध पीत असता."

मी पेटी उचलून खाली आले आणि नळापाशी पोचेपर्यंत मला कळलं होतं की आपण काय केलं. मी बोलले त्यात चूक काहीच नव्हतं. पण ज्या बाईचा नातू आठ दिवसांपूर्वी गेला तिच्या तोंडावर ते फेकायची काय गरज होती? आज इतकी वर्षं झाली, तरी एखादे दिवशी भांडी घासताना ते वाक्य आठवतं आणि माझी मलाच लाज वाटते.

सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी वर जायची, ती सूप घेऊन आत जायची. गणपतीला सगळी टेकडी गावी गेली, तीही गेली. परत आली ती पितृपंधरवड्यात, आणि एका दुपारी सरळ आमच्या केंद्रात येऊन बाकावर बसली. मी सुया उकळत होते. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत, उकळून उकळून पुन्हा वापरायच्या.

"तू ह्या कित्याक उकळतंस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. लोखंडावर, मातीत, शेणात धनुर्वाताचं विष असतं, डोळ्यांना दिसत नाही. भांड्यातल्या बुडबुड्यांकडे बघत ती बोलायला लागली. गावी जाऊन तिनं व्याह्यांच्या वैजिणीला विचारलं होतं, नाळ कशानं कापलीस. तिनं विळी आणून दाखवली, गवत कापायची. धुतलेली होती, स्वच्छ दिसत होती.

"माझी पण तशीच होती," मावशी म्हणाली. "हंय मुंबैत येवन ब्लेड घेतलंय. गावात बारा वर्सां विळयेनच कापलंय. सात गेली, बाय. माझ्या हातान सात. सगळ्यांच्या आवशींका मी सांगितलंय, सटवीन न्हेल्यान."

मी विचारलं, "कुणाची होती?" माझी नावं विचारायची सवय.

"बारसां झालां नाय, मगे नाव खंय असतला?" ती म्हणाली.

त्या दिवशी मला समजलं की ही बाई सहा महिने माझ्यावर रुसली नव्हती. सुई खरी असेल तर सटवी खोटी, आणि सटवी खोटी असेल तर ती सात बाळं कुणाच्या हातून गेली, हे तिला कळत होतं. माझं एक वाक्य गिळायला तिला बारा वर्षांची बाळंतपणं गिळावी लागली होती. त्या बाकावर मला तिची माफी मागायची होती. पण मी विचारलं, "चहा घेणार?" आम्ही चहा प्यालो.

जाताना ती म्हणाली, "गुरवारी ये. तुझ्या त्या पेटीसकट ये. वही नको."

मापाची सुरुवात अशी झाली.

गुरुवारी दुपारी टेकडीवरची कुणी ना कुणी पोरगी चोळीचं माप द्यायला मावशीकडे यायची. त्यात कुणाला काय संशय येणार? शिंप्याचंच घर. मावशी दार लोटून घ्यायची. आत मी बर्फाचा थर्मास आणि उकळलेल्या सुयांचा डबा घेऊन बसलेली. मावशी टेप लावून मोठ्यानं सांगायची, "छाती बत्तीस! बाही आठ!" बाहेरून राजारामकाका तेच आकडे पुन्हा म्हणायचे. बाहीचं माप घ्यायला दंड उघडाच असायचा, तेवढ्यात मी सुई टोचायची. पोरगी 'आई गं' म्हणाली तर मावशी तिला दटावायची, "टेप चावली काय?" महिन्यानं चोळी अंगाला बसते का बघायला तिनं पुन्हा यायचं, तेव्हा दुसरी सुई. माप आणि फिटिंग. शिंपीकामात नाहीतरी दोनदा बोलवावंच लागतं, आणि मलाही दोनदाच हव्या होत्या.

हे तिचं डोकं, माझं नाही. मला सात जन्मात सुचलं नसतं. तिनं एकही नाव तोंडातून काढलं नाही. पोरगी यायची, दंड पुढे करायची, जायची. पाचवा महिना लागला की मावशी मला वाटेत गाठून म्हणायची, "आता लिव," आणि नाव सांगायची. तेव्हा मी तारखा मागच्या घालून वहीत चढवायची.

हे कायद्यात बसत नव्हतं. मी आमच्या डॉक्टर मृणालिनीबाईंना सांगून टाकलं, कारण पोटात काही ठेवणं मला जमत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उत्तरा, तू हे बोललीस आणि मला ऐकू आलं नाही, असं समज," त्या म्हणाल्या. "पण बर्फ वितळू देऊ नकोस. आणि पाचव्यात नावं आली नाहीत तर मी तुझी वाट लावीन."

ते गुरुवार फार सुखाचे होते. सुई टोचून झाली की मावशी सोलकढी द्यायची. माणिक गावाहून परतली होती. ती चोळीला काजं करत कोपऱ्यात बसायची, फारसं बोलायची नाही. राजारामकाका बाहेरून गिरणीतल्या गोष्टी सांगायचे, साच्यांच्या आवाजात कसं ओठांवरून बोलणं ओळखायचं ते. टेकडीवरून खाली कंपन्यांची कौलं दिसायची, आणि त्यापलीकडे पूर्वेची खाडी. आता तिथून खाडी दिसत नाही. पोरी एकमेकींना रस्त्यात विचारू लागल्या, "माप दिलंस काय गो?" त्यात सगळं आलं. माझी दोन वर्षं अशी गेली, आणि त्या टेकडीच्या पोरी ज्या ज्या गावी गेल्या तिथून एकही निळं पत्र तसं आलं नाही.

मग सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात एका पोरीचं, माप दिल्यावर आठवड्यानं, पोट पडलं. सुईचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण माप म्हणजे काय हे टेकडीला एव्हाना माहीत होतं, आणि नळावर कुणीतरी म्हणालं, ही ती नसबंदीचीच सुई. दहा-अकरा वर्षांपूर्वी आणीबाणीत पुरुषांना धरून नेलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं. दुसरी म्हणाली, "वैजीण दुसऱ्यांच्या सुनांक टोचता, स्वतःच्या सुनेक टोचलेली बघलास काय?" तीन गुरुवार मी थर्मास घेऊन बसले आणि कुणी आलं नाही.

न आलेल्यांत जानकीकाकूंची सून विमला होती. पाचवा महिना, पहिली खेप. जानकीकाकू म्हणजे मावशीच्या गावची, मावशीची जन्माची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. विमलाला दिवाळी झाली की गावी पाठवायचं ठरलं होतं. म्हणजे पहिली सुई आत्ता टोचली तरच दुसरी जायच्या आधी बसत होती. मी दोनदा गेले. जानकीकाकू दारातच म्हणाल्या, "सुई नको आमका." मावशी गेली, तिलाही तेच. विमला आतून बघत होती. मला राहून राहून माणिकचं पत्र डोळ्यांसमोर यायचं.

सोमवारी सकाळी मी नळापाशी टेबल मांडून बसले होते. हंड्यांची रांग लागलेली, जानकीकाकू रांगेत. आणि टेकडीच्या पायऱ्यांवरून मावशी उतरताना दिसली. मागे माणिक, मान खाली. मावशी थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"लिव गो बाय," ती म्हणाली. साच्यांच्या खात्यात ओरडावं तसा आवाज काढला तिनं. "माणिक जयवंत परब. तिसरो म्हयनो."

माझा हात थांबला. मला माहीतच नव्हतं. तीन वर्षांत जिनं दुसऱ्या कुणाचंही नाव पाचव्याच्या आत उच्चारलं नाही, ती स्वतःच्या सुनेचं तिसऱ्यातलं पोट भर नळावर सांगत होती.

"लिवलंस? आता मोठ्यान वाच."

मी वाचलं. नळाखालचा हंडा भरून वाहायला लागला तरी कुणी तो काढला नाही. माणिकनं आपणहून पदर सारला आणि दंड पुढे केला. मी सुई दिली.

तेव्हा जानकीकाकू बोलल्या. रागानं नाही, समजावल्यासारख्या. "रुक्मिणी, कित्याक ह्या करतंस? तुझ्या नातवाक सटवीन न्हेल्यान, माझ्या पयल्या झिलाकव तिनाच न्हेल्यान. ती काय सुयेक भियातली?"

मावशी वळली. मी तिच्या इतक्या जवळ होते की तिचा श्वास मला ऐकू आला. ती सात बाळं कुणाची हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. त्यातल्या एका मुलाची आई समोर हंडा घेऊन उभी होती.

"जानक्या," ती म्हणाली, "तुझ्या झिलाक सटवीन न्हेल्यान नाय. माझ्या विळयेन न्हेल्यान. माका तेवा ठावक नव्हता. आता आसा. विमलाक सुई दी."

जानकीकाकूंनी रिकामा हंडा उचलून काखेला लावला आणि त्या पायऱ्या चढून निघून गेल्या. मावशी तिथंच उभी राहिली. मग माणिकनं तिचा हात धरला आणि तिला वर नेलं.

मला वाटलं, गेली विमलाची सुई. आणि मला वाटलं, आता या टेकडीवर मावशीला कुणी बाळंतपणाला बोलावणार नाही. दुसरं थोडंफार खरं झालं. त्यानंतर दोन-तीन घरांनी तिला खरंच बोलावलं नाही. पण गुरुवारी दुपारी मी मावशीच्या दाराशी थर्मास घेऊन चढत होते, तेव्हा जानकीकाकू विमलाला घेऊन वाटेतच उभ्या होत्या. मावशीच्या उंबऱ्याला पाय लावायचा नव्हता त्यांना. "हंयच दी," त्या म्हणाल्या. मी रस्त्यात उभी राहून सुई दिली. दिवाळीनंतर दुसरी दिली, तीही रस्त्यातच. मावशी दाराआडून बघत होती, हे आम्हा तिघींनाही दिसत होतं. पुढच्या गुरुवारपासून माप द्यायला पुन्हा पोरी येऊ लागल्या.

जानकीकाकू मावशीशी बोलल्या नाहीत. नळावर दोघी शेजारी उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या हंड्यांकडे बघायच्या. तीस वर्षांची मैत्री तिनं एका वाक्यात देऊन टाकली होती, आणि त्याबद्दल ती एकदाही माझ्याकडे रडली नाही. सोलकढी मात्र त्या काळात खारट व्हायला लागली.

फेब्रुवारीत जानकीकाकू निळं पत्र घेऊन केंद्रात आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलगा नोकरीवर, शेजारणीकडून वाचून घ्यायची हिंमत नव्हती. पत्र फोडलेलंही नव्हतं. मी कडेनं फाडलं आणि आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. विमलाला मुलगा झाला होता. पत्र अकराव्या दिवशी लिहिलेलं होतं. बाळ दूध चांगलं पितं, रात्री फार रडतं, आवाज मोठा आहे.

जानकीकाकूंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. 'आवाज मोठा आहे' तिथं प्रत्येक वेळी मान हलवली. मग पत्राची घडी करून पोलक्यात ठेवली आणि दारापर्यंत जाऊन मागे वळल्या.

"जा, तिका सांग," त्या म्हणाल्या.

मी केंद्र बंद व्हायची वाट बघितली नाही, तशीच टेकडी चढले. दोनदा बसावं लागलं, दम लागत होता. मावशी माणिकच्या पायांना तेल लावत होती. माणिकला सातवा लागला होता आणि ती यंदा कुठंही जाणार नव्हती. एप्रिलात तिला मुलगी झाली, ती आज स्वतः दोन मुलांची आई आहे. मी सांगितलं. विमलाला मुलगा, अकरा दिवसांचा, दूध पितो. आणि जानकीकाकूंनी तुम्हाला सांगायला पाठवलं.

"तिना पाठवल्यान?" मावशीनं विचारलं.

"त्यांनीच."

तिनं तेलाचे हात तसेच तोंडाला लावले आणि रडली. किती वेळ रडली ते सांगत नाही. तेव्हा मीही म्हणून टाकलं, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला बोलायला नको होतं." तीन वर्षं राहून गेलेलं वाक्य.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग खुंटीवरची टेप काढली. "उभी रव. हात वर कर."

"मला कशाला?"

"टेकडी चढताना तू कधी बसलंस? आज बसलंस, माका दारातसून दिसला. कितवो?"

मी मधुकरलासुद्धा सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच. महिना-दीड महिना मी रोज केंद्रात बायकांची नावं चढवत होते, लपवू नका म्हणून त्यांना ओरडत होते, आणि स्वतःचं पोट स्वतःच्याच वहीपासून लपवून ठेवलं होतं. पेढ्यांची भीती वाटत होती मला, दुसरं काय! त्या पहिल्या दिवशी ती वहीबद्दल जे म्हणत होती ते मला कळायला चार वर्षं लागली.

"तिसरा लागलाय," मी म्हटलं.

"नाव लिवलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

तिनं माप घेतलं, आकडे बाहेर ओरडली, राजारामकाकांनी ते परत म्हटले. हिरवा खण तिनं पेटीतून स्वतः काढला. मग "माझ्या सुनेचा नाव वहीत गेला, आता तुझा जावंदे," म्हणत चप्पल घालून माझ्याबरोबर टेकडी उतरली, केंद्रात येऊन बाकावर बसली. संध्याकाळची ओपीडी होती, बाक भरलेला होता, नळावरच्या निम्म्या बायका तिथंच होत्या. मृणालिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वही उघडली आणि माझ्या अक्षरात माझं नाव लिहिलं.

"आता मोठ्यान वाच," मावशी म्हणाली.

मी उभी राहिले आणि वाचलं. "उत्तरा मधुकर सामंत. तिसरा महिना."